भांडणाची रीत आणि भांडण्याचा अधिकार

मनुष्य भांडतो, हे सांगण्यासाठी व्याख्यानमाला भरविण्याचे कारण नाही. ज्याला घर आहे, शेजार आहे, भाऊ आहे आणि ज्याच्या चाळीतला पाण्याचा नळ सामाईक आहे, त्याला ते ठाऊकच असते. पण सर्व माणसे एकाच रीतीने भांडत नाहीत. आणि एकाची रीत दुसऱ्याला कळली नाही म्हणजे मूळ भांडणाच्या पोटी दुसरेच भांडण जन्माला येते, ही गोष्ट मात्र आपण सहसा ध्यानात घेत नाही. आमची तीस वर्षे कामगारांची भांडणे मालकांपुढे मांडण्यात आणि कामगारांची आपापसांतली भांडणे मिटविण्यात गेली. यांतले दुसरे काम पहिल्याहून कठीण आहे. त्या अनुभवातून, आणि रात्री घरी बसून जे थोडेफार वाचन झाले त्यातून, जे हाती लागले ते येथे मांडावयाचे आहे.

आरंभी एक घडलेली हकीगत सांगतो. एका औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात पूर्व उत्तर प्रदेशातून आलेला एक कामगार दुसरी पाळी संपवून घरी निघाला होता. त्याच्या यंत्रावर येणारा माणूस आला नव्हता, म्हणून पाळीप्रमुखाने त्याला तिसऱ्या पाळीलाही थांबण्यास सांगितले. दोनच दिवसांपूर्वी तो असाच रात्रभर थांबला होता. तो म्हणाला, "हम नहीं रुकेंगे." पाळीप्रमुख आपल्याकडचा, मराठी शाळेत शिकलेला. त्याने ऐकले ते असे : आम्ही कोणीही थांबणार नाही. त्याच रात्री त्याने वरिष्ठांकडे अहवाल दिला आणि आठवड्याच्या आत त्या माणसाच्या हाती आरोपपत्र पडले. आज्ञाभंग, उद्धट वर्तन, आणि इतर कामगारांना काम बंद पाडण्यास चिथावणे, अशी तीन कलमे होती. तिसरे कलम शाबीत झाले असते तर त्याची नोकरी गेलीच असती.

बनारस, बलिया, छपरा या बाजूची बोली ज्याने ऐकली आहे त्याला यातले मर्म लगेच कळेल. तिकडचा माणूस एकट्या स्वतःविषयी बोलतानाही 'हम' म्हणतो. 'हम जा रहे हैं' म्हणजे मी निघालो. 'हम नहीं रुकेंगे' म्हणजे मी थांबत नाही, इतकेच. त्यामागे ना टोळी होती, ना धमकी. अंतर्गत चौकशीत आम्ही हे सांगितले तेव्हा चौकशी अधिकाऱ्यांनी आधार मागितला. आम्ही एका मराठी वर्तमानपत्राचा जुना अंक पुढे ठेवला. अग्रलेखात संपादक लिहीत होते, 'आम्हांस असे वाटते'. आम्ही विचारले, "हे गृहस्थ छापखान्यातील सर्व लोकांना चिथावीत आहेत काय?" अधिकारी हसले आणि चिथावणीचे कलम गळाले. उरलेल्या दोन कलमांपायी चार दिवसांची बिनपगारी रजा मात्र त्याला भोगावी लागली. प्रस्तुत लेखकही पहिल्या ओळीपासून 'आम्ही' म्हणत आहे, आणि त्यामुळे कोणा वाचकाला भय वाटले असेल असे वाटत नाही.

या प्रकरणात दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. पाळीप्रमुख खोटे बोलला नव्हता. कामगारही उर्मट नव्हता. प्रत्येकाने दुसऱ्याचे बोलणे आपल्या घरच्या मापाने मोजले, एवढेच झाले. असे माप प्रत्येकाजवळ असते, आणि ते आपल्याजवळ आहे याचा पत्ता मात्र त्याला नसतो.

आपल्याच शब्दांची साक्ष

परक्यांच्या रीती पाहण्याआधी आपली रीत पाहावी. मराठीत भांडणाला शब्द पुष्कळ आहेत : वाद, तंटा, कज्जा, बाचाबाची, खडाजंगी, कुरबूर, धुसफूस, भाऊबंदकी. हे सगळे एकाच अर्थाचे नाहीत हे आपल्याला सांगावे लागत नाही. नळावर होते ती बाचाबाची, बांधावर होतो तो तंटा, आणि वाटणीवरून होते ती भाऊबंदकी. कोणते भांडण कोठे, किती आवाजात आणि किती दिवस करावयाचे याचे ज्ञान त्या त्या शब्दातच साठविलेले असते.

काही शब्दांचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. 'तक्रार' हा शब्द अरबीतून आला; त्याचा मूळ अर्थ पुन्हा पुन्हा सांगणे. ज्याचे पहिल्यांदा सांगितलेले कोणी ऐकत नाही त्यालाच पुन्हा सांगावे लागते, हे आम्ही कामगार कचेरीच्या बाकावर बसून शिकलो. शब्दाने ते आधीच सांगून ठेवले होते. 'हुज्जत' हाही अरबी. तिकडे त्याचा अर्थ पुरावा, युक्तिवाद. आपल्याकडे येता येता तो 'उगाच वाद घालणे' असा झाला. पुरावा मागणारा माणूस आपल्याला त्रासदायक वाटतो, याची ही कबुलीच म्हणावी लागेल.

'राजीनामा' म्हटले की आज नोकरी किंवा मंत्रिपद सोडणे डोळ्यांपुढे येते. मराठ्यांच्या राज्यात वतनाचा तंटा गोतसभेपुढे गेला म्हणजे दोन्ही पक्षांकडून प्रथम राजीनामा लिहून घेत; म्हणजे, पंच जो निवाडा देतील तो आम्हांला राजीखुशीने मान्य आहे असा करार. मग जामीन, मग दोघांच्या तकरिरी म्हणजे जबान्या, मग साक्षी. निवाड्याचा महजर होई आणि त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या पडत. पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला असे. हरलेल्याने 'यजितखत' लिहून द्यावयाचे, म्हणजे आपण हरलो हे आपल्याच हाताने कबूल करावयाचे. जिंकणाऱ्याकडून सरकार 'हरकी' घेई, हरणाऱ्याकडून 'गुन्हेगारी'.

या सगळ्या पद्धतीमागे एक समजूत आहे. भांडण ही दोघांची खाजगी बाब नाही, चारचौघांनी पाहिल्याशिवाय ते मिटत नाही, आणि मिटले हे हरलेल्याच्या तोंडून सर्वांनी ऐकले पाहिजे, अशी ती समजूत होय. ती अजून गेलेली नाही. आमच्या कचेरीत दोन कामगार येतात, त्यांचे देणेघेणे पाच मिनिटांत ठरते. पण "याने चार लोकांत मला बोलला, आता चार लोकांतच माफी मागायची" यावर दोन तास जातात. बाहेरच्याला हा हट्ट वाटेल. त्या माणसाच्या दृष्टीने मात्र महजरावर निशाणी पडल्याशिवाय निवाडा पुरा होत नाही.

वाद कशासाठी घालावयाचा याचाही विचार आपल्याकडे जुना आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरे काय ते कळावे म्हणून होतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प. स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे तेवढे मोडावयाचे ती वितंडा. यांतला 'वितंडवाद' आपल्या बोलण्यात पक्का रुजला आणि 'जल्प' मागे पडला. कदाचित जल्पालाच आपण वाद म्हणू लागलो म्हणून तसे झाले असावे.

आणि जेथे शब्दच नाहीत असेही एक भांडण आपल्याकडे आहे. त्याला आपण अबोला म्हणतो. अबोला परक्याशी धरीत नाहीत. परक्याशी न बोलणे ही रोजची स्थिती असते. रुसवा आणि अबोला हे आपल्या माणसासाठी राखून ठेवलेले असतात. ज्याला ही रीत ठाऊक नाही तो म्हणेल, "काही बोलत नाही, म्हणजे राग गेला." आपल्या घरातील लहान मूलही ही चूक करणार नाही.

पाळी, मान आणि जागा

माणसांच्या भांडणाच्या रीती कोठे वेगळ्या पडतात हे पाहू लागले की तीन ठिकाणे हमखास आढळतात. पहिले ठिकाण बोलण्याची पाळी, दुसरे मानापमान, तिसरे भांडणाची जागा.

पाळीविषयी डेबोरा टॅनन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी एक छान काम केले आहे. १९७८ साली थँक्सगिव्हिंग सणाच्या जेवणाला कॅलिफोर्नियात सहा मित्र जमले होते. त्या स्वतः त्यांत होत्या. त्यांनी सगळे बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि पुढे त्याचा बारकाईने अभ्यास करून १९८४ साली पुस्तक लिहिले. सहांपैकी तिघे न्यूयॉर्कच्या ज्यू कुटुंबांत वाढलेले, दोघे कॅलिफोर्नियाचे आणि एक बाई इंग्लंडच्या. न्यूयॉर्कवाले एकमेकांचे वाक्य पुरे होण्याआधीच बोलू लागत, प्रश्नावर प्रश्न विचारीत. त्यांच्या दृष्टीने हे आपुलकीचे लक्षण होते. मी तुझे मन लावून ऐकतो आहे, हा त्याचा अर्थ. बाकीचे तिघे मात्र मधे थोडी शांतता होईल तेव्हा आपण बोलू म्हणून थांबत, आणि ती शांतता येतच नसे. एकाला वाटे, हे आपल्याला बोलू देत नाहीत. दुसऱ्याला वाटे, यांना बोलण्यात गोडी नाही. तेथे भांडण नव्हते, मेजवानी होती. तरी इतका फरक पडला.

आपल्याकडे याचे उदाहरण शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. एकाच घरात एक सून अशा माहेराहून येते की जेथे सगळे एकदम बोलतात, आणि दुसरी अशा घरून की जेथे वडिलांचे बोलणे संपेपर्यंत कोणी तोंड उघडीत नाही. पहिलीला सासरी 'तोंडाळ' म्हणतात आणि दुसरीला 'घुमी'. दोघी आपापल्या घरचा संस्कारच पाळीत असतात.

पण येथे एक सावधगिरी हवी. अमुक देशाचे लोक गप्प, तमुक देशाचे बडबडे, अशी ठोकताळ्याची विधाने आपण फार करतो. २००९ साली काही संशोधकांनी जगातल्या दहा भाषांतील संभाषणे घेऊन, होय किंवा नाही असे उत्तर मागणारा प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजले. सरासरी निघाली सुमारे एक पंचमांश सेकंद. सर्व भाषांतील माणसे थोड्याफार फरकाने तेवढ्यातच उत्तर देत होती. त्या दहांत सर्वांत उशिरा उत्तर येई डेन्मार्कच्या भाषेत, जवळजवळ अर्ध्या सेकंदाने. आणि सर्वांत लवकर येई जपानी भाषेत, म्हणजे ज्या लोकांच्या मौनाची जगभर ख्याती आहे त्यांच्या! तेव्हा फरक असतात हे खरे, पण ऐकीव कीर्तीवरून ते ठरवू नयेत. आणि ते मोजले तर अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर भरतात. एवढ्याशा फरकावर आपण माणसाचा स्वभाव ठरवून मोकळे होतो.

दुसरे ठिकाण मानापमानाचे. अमेरिकेच्या दक्षिण भागातील गोऱ्या लोकांत अपमानाच्या भांडणातून खून होण्याचे प्रमाण उत्तरेपेक्षा अधिक का, असा प्रश्न रिचर्ड निस्बेट आणि डॉव्ह कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी घेतला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिशिगन विद्यापीठात केलेले प्रयोग १९९६ साली प्रसिद्ध झाले. एका अरुंद बोळातून विद्यार्थी जात असताना त्यांचाच एक माणूस त्याला धक्का देई आणि वर एक शिवी हासडी. उत्तरेकडचे विद्यार्थी बहुधा ती गोष्ट हसण्यावारी नेत. दक्षिणेकडचे संतापत, त्यांच्या लाळेची तपासणी केली तेव्हा मनावर ताण आला असता शरीरात जे द्रव्य वाढते ते वाढलेले आढळले. त्यांचे अनुमान असे की, दक्षिणेत वसलेल्या लोकांचे पूर्वज गुरेमेंढरे राखणारे होते. सरकारचा हात दूर आणि कळप तर एका रात्रीत पळविता येतो. अशा ठिकाणी 'याच्या वाटेला जाऊ नये' असा लौकिक हेच माणसाचे कुंपण असते. या कारणमीमांसेवर पुढे विद्वानांत मतभेद झाले.

त्या प्रयोगाचा आणखी एक भाग आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. त्याच बोळातून समोरून एक धिप्पाड माणूस चालत येई, आणि विद्यार्थी त्याला किती अंतरावरून वाट देतो ते मोजीत. ज्याचा अपमान झालेला नाही असा दक्षिणेकडचा विद्यार्थी सुमारे नऊ फुटांवरूनच बाजूला होई. उत्तरेकडच्यांहूनही अधिक लवकर. पण अपमान झाल्यावर तोच विद्यार्थी तीन फुटांपर्यंत हटत नसे. म्हणजे अतिशय आदब आणि अतिशय संताप ही एकाच झाडाची फळे होती. जेथे शब्दाची किंमत मोठी, तेथे लोक शब्द जपून वापरतात, आणि तो चुकला तर मोठी किंमत वसूल करतात.

मराठी माणसाला हे परके वाटू नये. 'अहो'वरून 'अरे'वर येणे आणि 'अरे'ला 'का रे' करणे यात आपल्याकडे किती डोकी फुटली असतील! आणि हीच गोष्ट सर्वत्र सारखी नाही. गोव्याकडच्या कोंकणीत पुष्कळ घरांतून वडीलधाऱ्यांनाही 'तूं' म्हणतात, आणि त्यात अनादराचा लेशही नसतो. तिकडचा माणूस आपल्या कचेरीत येऊन साहेबाला 'तू' म्हणाला, तर साहेबाच्या कपाळावर आठी पडते. कर्नाटकाच्या सीमेवर बोलण्याच्या शेवटी 'री' लागला नाही, किंवा तेलुगू घरात 'गारु' सुटला, तरी असेच होते. शब्द लहान, पण सारी अब्रू त्यावर टांगलेली.

तिसरे ठिकाण जागेचे. भांडण चव्हाट्यावर करावयाचे की आडून? आपल्या गोतसभेची रीत वर सांगितली; तेथे सर्व काही गोताच्या देखत. जपानी कचेऱ्यांत याच्या उलट एक पद्धत आहे, तिला 'नेमावाशी' म्हणतात. हा शब्द माळीकामातला आहे. मोठे झाड एका जागेवरून काढून दुसरीकडे लावावयाचे असले म्हणजे माळी आधीच त्याच्या मुळांभोवती खणून तयारी करतो. तसे सभेपूर्वी एकेकाला गाठून त्याचे म्हणणे ऐकावयाचे, अडचणी काढावयाच्या, आणि सभेत फक्त संमतीचा समारंभ करावयाचा. आपण हे पाहून म्हणू, "मग सभा कशाला?" ते आपली सर्वसाधारण सभा पाहून म्हणतील, "तयारी न करता सभा कशी भरवली?" दोघांच्याही प्रश्नात तथ्य आहे.

आमची चूक

आतापर्यंत जे सांगितले ते ऐकून कोणाला वाटेल की रीती शिकल्या म्हणजे काम झाले. आम्हांलाही तसेच वाटत होते. तो भ्रम कसा फिटला ते सांगणे भाग आहे, जरी त्यात आमची शोभा नाही.

सोलापुरात तेलुगू भाषक पद्मशाली समाज मोठा. पुरुष हातमागावर, पुढे यंत्रमागावर. आणि बायका मोठ्या संख्येने बिड्या वळणाऱ्या. तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा घरी आणावयाचा, वळलेल्या बिड्या मोजून कारखान्यात द्यावयाच्या, आणि हजारावर मजुरी घ्यावयाची. तेथे तपासनीस काही बिड्या 'छाट' म्हणून बाजूला काढतो. त्यांचे पैसे मिळत नाहीत. आम्ही त्या कामात नवे असताना छाटीच्या प्रश्नावर एका वस्तीत सभा घेतली. तडजोडीचा मसुदा वाचून दाखविला आणि विचारले, "कुणाची हरकत आहे काय?" कोणी बोलले नाही. दोघीतिघी हळूच म्हणाल्या, "चूद्दाम्." आम्ही इतिवृत्तात लिहिले : ठराव एकमताने मंजूर.

दुसऱ्या दिवशी मसुद्यावर अंगठा देण्यास एकही बाई आली नाही. आम्हांला राग आला. सभेत मान हलवितात आणि घरी गेल्यावर फिरतात, असे आम्ही बोलूनही गेलो. मग एका जाणत्या विणकराने समजावले की 'चूद्दाम्' म्हणजे 'पाहू या'. आणि तोंडावर नाही म्हणणे कठीण असले म्हणजे माणूस 'पाहू या' म्हणतो. आम्ही वरमलो. मराठीतला 'बघू' तरी दुसरे काय करतो? मुलगी पाहून गेलेले लोक 'बघू, कळवू' म्हणाले की मुलीचा बाप काय समजायचे ते समजतो. स्वतःच्या भाषेत जे आम्हांला जन्मापासून कळत होते ते दुसऱ्या भाषेत ऐकू आले नाही.

येथपर्यंत झाले ते ठीक. पण पुढे आम्ही दुसरी आणि अधिक मोठी चूक केली. आम्ही मनाशी ठरविले की या बायकांची रीतच अशी. वडीलधाऱ्यांपुढे त्या बोलत नाहीत. तेव्हा त्यांच्या वतीने घरच्या पुरुषांशी बोलावे. 'त्यांच्यात तसेच असते' हे वाक्य फार सोयीचे असते. ते उच्चारले की चौकशी संपते आणि आपण उदार आहोत असेही वाटते. महिनाभर आम्ही या सोयीत काढला.

एके दिवशी बैठक आटोपून निघताना, उंबऱ्यापाशी चपला घालता घालता, एक वयस्क बाई आम्हांला म्हणाली, "दादा, तुम्ही सभेत विचारलं, हरकत आहे का. पुढच्या रांगेत कोण बसलं होतं, ते बघितलं का?" पुढच्या रांगेत तपासनिसाचा थोरला भाऊ बसला होता. कोणाच्या किती बिड्या छाटावयाच्या हे ज्याच्या घरात ठरत होते, त्याच्यासमोर आम्ही त्यांना हात वर करायला सांगितले होते! त्यांचे मौन तेलुगू नव्हते, पद्मशाली नव्हते, बायकी तर मुळीच नव्हते. आमच्यासमोर साहेब बसला असता तर आम्हीही तसेच गप्प राहिलो असतो. पुढची बैठक दुपारी, फक्त बायकांची, एका घराच्या माडीवर घेतली. त्या दिवशी दोन तास आम्हांला एक शब्द बोलता आला नाही, इतक्या त्या भांडल्या. एकमेकींशी, आमच्याशी, आणि मसुद्यातील ओळीओळीशी. ठराव बदलला आणि त्यावर अंगठे पडले.

रीत की दहशत ?

तेव्हापासून कोणाचेही मौन पाहिले की आम्ही दोन प्रश्न विचारतो. याच्या घरची भांडणाची रीत काय? आणि या जागी भांडण्याचा याला अधिकार आहे काय? पहिला प्रश्न संस्कृतीचा, दुसरा सत्तेचा. दोन्ही न विचारता काढलेला निष्कर्ष बहुधा चुकतो.

मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. रत्नागिरीकडचे कोकणी आणि साताऱ्याकडचे घाटी यांच्या खाणावळी वेगळ्या, बोलण्याचे हेल वेगळे, भांडण्याच्या तऱ्हाही वेगळ्या. तरी १९२८ सालच्या संपात सुमारे दीड लाख कामगार सहा महिने एकजुटीने उभे राहिले. ही एकजूट खरी होती. पण तिच्या आत एक भांडण वर्षानुवर्षे न बोललेले पडून होते. अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणाई खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे, आणि त्या धोट्याला दुसऱ्याचे तोंड लागलेले स्पृश्य कामगारांना चालत नसे. विणाईची मजुरी अधिक. म्हणजे विटाळाच्या कल्पनेने एका समाजाची भाकर कमी होत होती. डॉ. आंबेडकरांनी त्या संपाच्या वेळी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि मागण्यांत त्याचा समावेश करण्याचा आग्रह धरला. पुढे १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेतही त्यांनी तो मांडला.

त्या काळी पुष्कळांना हे एकजुटीत फूट पाडणे वाटले. आम्ही ज्या चळवळीत वाढलो तिच्यातील जुनी माणसेही कधी कधी तसे म्हणत. पण फूट आधीपासूनच होती. ती बोलून दाखविली, एवढाच तो अपराध. ज्याला आपण 'आमच्यात भांडणे नाहीत' म्हणून मिरवितो, तेथे पुष्कळदा एका बाजूला भांडण्याची मुभाच नसते. गोतसभेचेही तेच. शिवेच्या तंट्यात महाराच्या साक्षीला मोठे वजन असे, कारण गावाची हद्द त्याच्याइतकी कोणाला ठाऊक नव्हती. पण साक्ष संपली की तो दूर जाऊन बसे. गावाला त्याचे शब्द चालत होते, त्याचे शेजारी बसणे चालत नव्हते.

म्हणून संस्कृतीचे ज्ञान दुधारी आहे. ते पाळीप्रमुखाला सांगते की 'हम' म्हणजे टोळी नव्हे. पण तेच ज्ञान एखाद्या चतुर मालकाला असेही सांगू शकते की, या लोकांना कमी मजुरी चालते, यांना तक्रार करण्याची सवय नाही, यांच्यात बायका बोलत नाहीत. पहिल्या उपयोगाने माणूस कळतो. दुसऱ्याने तो मुका होतो.

मग करावे काय ?

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे, म्हणून सिद्धान्त सांगत नाही. कामात उपयोगी पडल्या त्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, भांडणात जो शब्द लागला तो शब्द त्या माणसाला परत विचारावा : "तुझ्या गावी याचा अर्थ काय?" अर्धी भांडणे याच प्रश्नाने पातळ होतात, कारण रागावलेल्या माणसालाही आपल्या गावाविषयी सांगायला आवडते.

दुसरी, सभा संपल्यावर उंबऱ्यापाशी थोडे थांबावे. चपला घालताना जे बोलले जाते ते इतिवृत्तात जात नाही, पण पुष्कळदा तोच खरा ठराव असतो.

तिसरी, हरकत विचारताना समोर कोण बसले आहे ते आधी पाहावे. कोणी बोलले नाही म्हणून 'एकमताने' हा शब्द लिहू नये. आमच्या संघटनेत आता 'कोणी हरकत घेतली नाही' आणि 'सर्वांनी होकार दिला' ही दोन वाक्ये वेगळी लिहितात. हा फरक क्षुल्लक वाटेल. पण तो पाळावयास लागल्यापासून आमचे ठराव कमी झाले आणि टिकू मात्र लागले.

चौथी, कोणाची रीत ही त्याच्या कपाळावरची रेघ समजू नये. माणूस भांडायला शिकतो, तसा वेगळ्या रीतीने भांडायलाही शिकतो. ज्या बायका 'चूद्दाम्' म्हणत होत्या त्यांच्यातीलच एक पुढे वाटाघाटीला मालकाच्या टेबलापाशी बसली, आणि तिने स्पष्ट मराठीत 'नाही' म्हटले. घरी ती आजही थोरल्या जावेपुढे 'चूद्दाम्'च म्हणते. दोन्ही तिच्याच रीती आहेत. कोठली कोठे वापरावयाची हे ती जाणते.

आपल्या गावात आता कोणाच्या शेजारी कोणत्या प्रांताचा माणूस राहावयास येईल याचा नेम नाही. तेव्हा नळावर, जिन्यात, बाजारात भांडणे होणारच, आणि व्हावीत. भांडण होते याचा अर्थ दोघेही एकाच जागेवर आपला हक्क समजतात. ज्याच्याशी आपले कधीच भांडण होत नाही असा शेजारी असेल तर त्याच्या चांगुलपणाचे कौतुक जरूर करावे. पण एकदा त्याच्या दाराशी जाऊन, त्याला आपल्याशी भांडण्याची मुभा आहे असे वाटते काय, तेही पाहावे.

तो पूर्वेकडचा कामगार अजून त्याच कारखान्यात आहे. पाळीप्रमुखही आहे. तिसऱ्या पाळीला माणूस कमी पडला की पाळीप्रमुख त्याच्याजवळ जाऊन विचारतो, "हम म्हणजे कितीजण?" तो म्हणतो, "आज अकेले हम." आणि पुष्कळदा थांबतो.